समीक्षकाच्या ट्रंका उघडण्याआधी

प्रश्न: बेळगावात शहापूरला आमचं जुनं कौलारू घर आहे, ते मे महिन्यात उतरवायला घेणार आहोत. काका १९६६ ते १९९४ या काळात मराठी दैनिकांत गाण्याच्या मैफलींवर लिहीत. ते २००३ साली गेले. काकू आहेत, वय ८२. कात्रणं चिकटवलेल्या ३१ वह्या, सुट्या कात्रणांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका, खिशात मावणाऱ्या २६ डायऱ्या, पत्रांचे गठ्ठे, निमंत्रणपत्रिका आणि १४० कॅसेटी निघाल्या आहेत. सगळं गायकांप्रमाणे वेगळं लावून ठेवावं म्हणतो. काय ठेवायचं, काय टाकायचं, आणि शेवटी द्यायचं कुणाला?

उत्तर: गायकांप्रमाणे लावायला बसू नका, निदान आत्ता तरी. अशा संग्रहांचं सगळ्यात मोठं नुकसान वाळवीपेक्षा घरच्या माणसांच्या आवराआवरीने होतं. छापून आलेलं परीक्षण कुठल्या तरी वाचनालयाच्या किंवा वृत्तपत्राच्या जुन्या फायलीत सापडण्याची थोडी तरी आशा असते. मैफलीत बसून केलेलं टिपण, संपादकाने कापण्याआधीचा मजकूर, आयोजकांची पत्रिका, नंतर आलेलं गायकाचं पत्र, आणि हे सगळं कशाशेजारी ठेवलं होतं, हे मात्र फक्त त्या ट्रंकेतच असतं. ही शेजारची जागा म्हणजेही माहितीच आहे, आणि एकदा मोडली की परत जुळत नाही.

एक नमुना घेऊन बघा. समजा, एक निमंत्रणपत्रिका हाती आली: ‘रविवार, १४ फेब्रुवारी, रात्री ९॥ वाजता, पद्मभूषण पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गायन’. साल नाही, आपल्याकडच्या पत्रिकांवर ते बहुधा नसतंच. काकांच्या लिहित्या काळात १४ फेब्रुवारीला रविवार आला तो १९७१, १९८२, १९८८ आणि १९९३ मध्ये. मन्सूरांना पद्मभूषण मिळालं १९७६ साली, म्हणून १९७१ गेलं. सप्टेंबर १९९२ मध्ये ते वारले, म्हणून १९९३ गेलं. उरली १९८२ आणि १९८८, आणि इथे पत्रिकेची बोलती बंद होते. पत्ता, छापखान्याचं नाव, तिकिटाचा दर यांवरून अंदाज करता येतो, पण खात्री देता येत नाही. हीच पत्रिका १९८२ च्या डायरीत खोचलेली सापडली, किंवा त्या महिन्याच्या कात्रणांच्या मध्ये निघाली, तर प्रश्न तिथेच मिटला. ‘मन्सूर’ लिहिलेल्या ढिगात ती तुम्ही आधीच टाकली असेल तर मात्र कायमची अधांतरी.

साल काढायच्या अशा आणखी काही खुणा आहेत. पत्त्यात ‘५९० ००१’ असा पिनकोड छापलेला असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असूच शकत नाही. ‘म्हैसूर राज्य’ असेल तर मजकूर १ नोव्हेंबर १९७३ पूर्वीचा असण्याची शक्यता जास्त, पण ही खूण कच्ची. छापून ठेवलेली लेटरहेडं संपेपर्यंत संस्था तीच वापरायच्या, राज्याचं नाव बदलून चार वर्षं झाली तरी. म्हणजे पिनकोडवरून ‘याच्या आधीचं नाही’ असं ठाम म्हणता येतं, ‘म्हैसूर’वरून ‘याच्या नंतरचं नाही’ असं म्हणता येत नाही. शक संवत असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९.

आता प्रत्यक्ष काम. ट्रंक उघडली की कशालाही हात लावण्याआधी वरून एक फोटो. मग वरचा थर उचलून बाजूला, पुन्हा फोटो, असं तळापर्यंत. प्रत्येक ट्रंक, कपाटाचा खण, पिशवी यांना एकेक अक्षर द्या: ‘अ’, ‘आ’, ‘इ’. आतल्या गठ्ठ्यांना आकडे, गठ्ठ्यातल्या कागदांना पुढचे आकडे. ‘आ-४-१७’ म्हणजे दुसऱ्या ट्रंकेतल्या चौथ्या गठ्ठ्यातला सतरावा कागद. क्रमांक चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीने लिहून चिठ्ठी कागदासोबत ठेवा. मूळ कागदावर बॉलपेन, मार्कर, स्टिकर काही नको. डायरीत खोचलेलं काही निघालं तर कुठल्या दोन पानांमध्ये होतं ते लिहा. बसचं तिकीट असलं तरी. निपाणी किंवा संकेश्वरच्या मैफलीला समीक्षक खरोखर गेले होते की ऐकीव माहितीवर लिहिलं, हे कधी कधी त्या तिकिटावरूनच कळतं. गायकांप्रमाणे शोधण्याची सोय हवी ती यादीत करा, कागदांत नव्हे. संगणकावरची यादी हवी तशी फिरवता येते.

याच आठवड्यात, स्कॅनिंगच्याही आधी, काकूंशी बोलून घ्या. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून, एका बैठकीला तासापेक्षा जास्त नाही. ‘जुन्या आठवणी सांगा’ असं मोघम विचारू नका. हातात एकेक वस्तू देऊन विचारा. हे अक्षर कुणाचं? फोटोत डावीकडून दुसरे कोण? काका मैफलीहून आल्यावर रात्रीच लिहायचे की सकाळी? मजकूर कचेरीत कोण नेऊन देई? सगळ्यात महत्त्वाचं, टोपणनावं. मराठीत संगीतावर टोपणनावाने लिहिण्याची रीत जुनी आहे. केशवराव भोळे ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या नावांनी लिहीत. काकांनीही दुसऱ्या दैनिकासाठी किंवा स्थानिक संस्थेवर टीका करताना वेगळं नाव घेतलं असण्याचा चांगलाच संभव आहे. ते नाव आज घरात एकाच व्यक्तीला माहीत असेल.

कागदाकडे वळू. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा असतो; त्यातलं लिग्निन उजेडात आणि हवेत पिवळं पडतं, आम्ल वाढतं आणि कागद घडीवर तुटतो. ते पूर्ण थांबवता येत नाही, लांबवता येतं. त्यात बेळगावचा पावसाळा. अथणी-रायबागकडे धूळ आणि कोरडेपणा हा त्रास, तर बेळगाव-खानापूरकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दमटपणा आणि बुरशी. म्हणून कागद उघडण्याचं, झाडण्याचं काम मे अखेरपर्यंत उरका, उरलेलं दिवाळीनंतर. पावसाळ्यात गठ्ठे उघडून पसरून ठेवायचे नाहीत.

झाडायचं ते पडवीत, सावलीत, मऊ रुंद ब्रशने, एका दिशेने, तोंडाला एन-९५ मास्क लावून. बुरशी आलेले कागद वेगळ्या पिशवीत काढा. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला की ती कागदात मुरते, आधी पंख्याच्या आडव्या वाऱ्यावर सुकू द्या. वैशाखात पुस्तकांना ऊन दाखवण्याची घरोघरची सवय आहे, ती इथे नको. एका दुपारच्या उन्हात वृत्तपत्राचा कागद पिवळा पडल्याचं डोळ्यांना दिसतं. कसर किंवा किडे जिवंत दिसले तर त्या वह्या जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी जमतं. कॅसेटी आणि फोटो या उपायातून वगळा. डांबरगोळ्यांनी कीड मरेलच असं नाही, वास मात्र कायमचा बसतो. वेखंडाची पूड मलमलच्या पुरचुंडीत घालून कपाटात ठेवली तर चालेल, कागदाला चिकटू देऊ नका.

लॅमिनेशन करू नका. हे वाक्य दोनदा लिहायला हवं, कारण ‘जपून ठेवलेली’ म्हणून दाखवली जाणारी कितीतरी कात्रणं अशीच संपली आहेत. उष्णतेने प्लास्टिक कागदाला जोडलं जातं, आम्ल आतच कोंडतं, आणि ते परत सुटत नाही. सेलोटेपही तसाच, जुना पिवळा टेप ओढून काढायला जाल तर अक्षरं टेपबरोबर येतील, तो आहे तिथे राहू द्या. गंजलेले स्टेपल, टाचण्या, क्लिपा मात्र काढाव्यात, ओढून नव्हे तर पाठीमागून पाय सरळ करून.

वह्या मोडू नका. कात्रणं खळीने चिकटवली असतील तर ती कोपऱ्याकडून थोडी सुटलेली असतात, डिंकाने असतील तर कडक, फेव्हिकॉलने असतील तर सुटण्याचा विषयच नाही. तिन्ही बाबतींत वही ही स्वतंत्र वस्तू आहे. कात्रणं कुठल्या क्रमाने चिकटवली, समासात कुठे पेन्सिलीची रेघ मारली, छापलेला शब्द खोडून शाईने कोणता लिहिला, हे वहीतच वाचता येतं. मुद्राराक्षसाने ‘बसंती केदार’चं ‘वसंत केदार’ केलं असेल आणि काकांनी बाजूला दुरुस्ती केली असेल, तर यादीत छापील रूप आणि दुरुस्ती दोन्ही लिहा. ‘जैत कल्याण’ की ‘जयत कल्याण’ असल्या वादात आपण निवाडा करायचा नाही. दोन्ही रूपं शोधात सापडली की झालं.

सुट्या कात्रणांची मागची बाजू विसरू नका. समीक्षणाच्या पाठीमागे सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, कुठल्या परीक्षेचा निकाल असतो, आणि तारीख नसलेलं कात्रण त्यावरूनच पकडता येतं. म्हणून प्रत्येक सुट्या कात्रणाचे दोन फोटो, पुढचा आणि मागचा. ही कात्रणं आता वहीत चिकटवायला घेऊ नका, ती मागची बाजू कायमची जाईल.

तारखेबद्दल एक खबरदारी. छापून आल्याची तारीख आणि मैफलीची तारीख यांत दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत फरक असतो; रविवारच्या पुरवणीसाठी मजकूर थांबवला जाई. यादीत दोन वेगळे रकाने ठेवा. तिसरा रकाना आवृत्तीचा. कोल्हापूर-पुण्याच्या दैनिकांच्या बेळगाव आवृत्तीत आलेलं परीक्षण मुख्य आवृत्तीत नसण्याचीच शक्यता जास्त, त्यामुळे उद्या कुणी मुख्य आवृत्तीची फाइल चाळून ‘असं काही छापलंच नव्हतं’ म्हणेल. दैनिकाचं नुसतं नावही पुरत नाही. बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली सुरू केलेला बेळगावचा ‘तरुण भारत’ वेगळा, नागपूरचा ‘तरुण भारत’ वेगळा. गावाचं नाव लिहिलं नाही तर पुढचा अभ्यासक शेकडो किलोमीटर चुकीच्या दिशेने जातो.

यादीत आणखी एक रकाना सगळे विसरतात, तो साथीदारांचा. मन्सूर, गंगूबाई, भीमसेन यांच्यावर लिहिलेलं इतरत्रही आहे. पण त्या रात्री तबल्याला कोण होतं, हार्मोनियमवर कोण, मागे तानपुऱ्याला कोण बसलं होतं, ही नावं बहुधा परीक्षणाच्या शेवटच्या ओळीतच येतात. बेळगाव, गोकाक, चिकोडी, निपाणी इथले कितीतरी तबलजी आणि पेटीवाले, शिकवण्या घेणारे बुवा, गावच्या उत्सवात गाणारे हौशी, यांचा कागदोपत्री पुरावा म्हणजे ही शेवटची ओळ. संपादकाने जागेअभावी पहिली कापायचा तीही हीच. म्हणून छापील कात्रणात ती नसली तर डायरीत पाहा. तिथे ‘त.’, ‘पे.’, ‘ता.’ अशी आद्याक्षरं असतील, ‘वि. एक.’ म्हणजे विलंबित एकताल, ‘द्रु. त्रि.’ म्हणजे द्रुत त्रिताल. काकांच्या लघुरूपांची एक पानभर किल्ली आधी तयार करा आणि ती संग्रहासोबत ठेवा. गाणं कळणाऱ्या एका माणसाला सोबत घेतलंत तर हे काम दोन दिवसांचं आहे. न घेता केलंत तर ‘म. ल.’ म्हणजे मध्य लय हे कळायलाच आठवडा जाईल.

नावांचा घोळ सीमाभागात दुप्पट. एकच माणूस मराठीत एका रूपाने, कन्नडात दुसऱ्या, इंग्रजी पत्रिकेवर तिसऱ्या. हनगल, हानगल, हंगल ही तिन्ही रूपं गंगूबाईंचीच. शिवाय गायकांना दोन-दोन नावं असतात: सवाई गंधर्व म्हणजेच रामभाऊ कुंदगोळकर, आणि त्यांचं घराण्याचं आडनाव सौंशी; सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकली म्हणजे कुमार गंधर्व. यादीत एक ठरलेलं नाव आणि बाजूला ‘इतर रूपे’ असा रकाना ठेवा, त्यात कन्नड लिपीतलं रूपही. गावांचंही तेच: जुन्या कागदावर ‘बेळगाव’, इंग्रजीत ‘बेलगाम’, १ नोव्हेंबर २०१४ नंतर अधिकृत ‘बेळगावी’. मूळ कागदावर जे असेल ते तसंच उतरवा. इथे आपली भूमिका काय हा प्रश्न यादीत आणायचा नाही. यादी दोन्हीकडच्या लोकांना वापरता आली पाहिजे. आणि ती युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी, आकृती, नुडी अशा जुन्या फॉन्टमधल्या याद्या दहा वर्षांनी उघडल्या की अक्षरांची नुसती भेळ निघते.

स्कॅनिंगला वह्यांसाठी सपाट स्कॅनर वापरू नका, वही उलटी दाबली की शिवण तुटते. कॅमेरा स्टँडवर, वही व्ही आकाराच्या आधारावर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, शेजारी एक मोजपट्टी. फोनही चालेल, पण कागद ‘साफ’ करणारी ॲप नकोत. ती पेन्सिलीच्या खुणा डाग समजून पुसून टाकतात. सुट्या कात्रणांना सपाट स्कॅनर ठीक, ४०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. ए-फोर पानाला सुमारे ४६ एमबी पडतात. तुमच्या ३१ वह्यांची सरासरी ९० पानं धरली तर २,७९० पानं, म्हणजे जवळपास १३० जीबी. एक माणूस नीट काम करून दिवसाला ८० पानं करतो, तेव्हा वह्यांनाच ३५ दिवस. मे महिन्यात हे उरकणार नाही आणि उरकूही नका. मेपर्यंत क्रमांक, थरांचे फोटो, काकूंचं बोलणं आणि सुरक्षित जागी हलवणं एवढं झालं तरी पुष्कळ.

कॅसेटी वेगळा प्राणी. पहिलं काम: प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी मैफल पुसली जाणार नाही. आत पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वाजवायची नाही, वाजवली तर हेडवरून (डेकमधला फीत वाचणारा भाग) पुढच्या दहा कॅसेटींना लागते. दाबपट्टीचा छोटा फेल्टचा तुकडा गळून पडलेला असतो, मग आवाज दबका आणि येत-जात ऐकू येतो. स्क्रूने जोडलेल्या एखाद्या चांगल्या कॅसेटीचं बाहेरचं खोकं घेऊन फीत त्यात बसवायची. चिकटवलेलं खोकं असेल तर शिवणीवर पातळ पातं चालवून उघडायचं. सी-६० आणि सी-९० (म्हणजे ६० आणि ९० मिनिटांच्या कॅसेटी) एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मग वाजवा. सी-१२० ची फीत फार पातळ, ती जलद फिरवू नका.

‘कॅसेटवरून एमपीथ्री’ करणारी स्वस्त यंत्रं टाळा, त्यांचा वेग डगमगतो. चांगला जुना डेक, सर्व्हिस करून, नवे पट्टे घालून घ्या. दर दोन-तीन कॅसेटींनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रत्येक कॅसेटला हेडचा कोन, म्हणजे अझिमथ, कानाने जुळवावा लागतो. त्यासाठी गायकाचा आवाज नव्हे, तानपुरा ऐका: जवारी, म्हणजे तारेची झणझण, सर्वांत उजळ जिथे ऐकू येईल तिथे थांबा. रेकॉर्ड करताना डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी डेकमधली सोय) वापरल्याची नोंद नसेल तर डॉल्बी बंद. उतरवायचं ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये. तासाला साधारण दोन जीबी. सगळ्या १४० कॅसेटी सी-९० धरल्या तर २१० तास, ४३५ जीबी. रोज चार तासांप्रमाणे दोन महिने.

आता पट्टी, म्हणजे गायक पेटीवरच्या ज्या सुराला ‘सा’ धरतो तो. मैफलीत बॅटरीवरचा रेकॉर्डर ठेवलेला असायचा. सेल उतरले की फीत हळू चालते, आणि तीच कॅसेट आज बरोबर वेगाने वाजवली की गाणं वर चढलेलं आणि घाईचं वाटतं. लाउडस्पीकरची घरघर रेकॉर्ड झाली असेल तर ती मोजा. विजेच्या पन्नासच्या जागी ५३ हर्ट्झ निघाली तर वेगात सहा टक्क्यांचा फरक, म्हणजे एक पूर्ण पट्टी: काळी एकला गाणारा गायक पांढरी दोनला ऐकू येतो. मात्र हा आकडा डोळे झाकून वापरू नका. आपल्याकडे त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सी पन्नासवर कधीच स्थिर नसे, आणि हार्मोनियमच्या पेट्याही सगळ्या एका सुरात लावलेल्या नसत. गायकाची नेहमीची पट्टी काय होती ते ताडून मगच दुरुस्ती करा, तीही दुसऱ्या प्रतीत. मूळ प्रत जशी उतरली तशीच राहील. कॅसेटीच्या सुरुवातीला सेल उतरलेले नसतात, शेवटाकडे उतरतात, म्हणून एकच टक्केवारी अख्ख्या मैफलीला लावणं हीसुद्धा चूक.

रागाच्या आधीची कुजबुज, निवेदकाचं बोलणं, टाळ्या कापू नका. आकाशवाणी धारवाड किंवा सांगलीवरून उतरवलेल्या कार्यक्रमात निवेदनातच साथीदारांची नावं असतात. कॅसेटच्या कार्डावर लिहिलेलं सगळं, खोडलेलंसुद्धा, फोटोत घ्या. खोडलेलं नाव म्हणजे खालून पुसलेली आधीची मैफल. दुसऱ्या बाजूच्या शेवटी तिचे चार मिनिटांचे अवशेष बऱ्याचदा उरलेले असतात.

सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावात, कोल्हापूर, धारवाड, पुणे कुठेही. फाइलच्या नावात फक्त क्रमांक, रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली किंवा बिघडली की बदलणारा ओळख-आकडा) काढून ठेवा, वर्षातून एकदा ताडा, आणि पाच वर्षांनी डिस्क बदला.

हक्कांचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं मोजतात. काका २००३ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६३ अखेरपर्यंत वारसांकडे. काका दैनिकात पगारी नोकर असतील तर वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, इतर बाबतींत लेखकाचाच. मानधनावर लिहीत असतील आणि लेखी हस्तांतर नसेल तर सगळाच काकांचा. त्यामुळे मानधनाच्या पावत्या आणि नेमणुकीचं पत्र टाकू नका. काकांना आलेली पत्रं कागद म्हणून तुमची, मजकूर म्हणून लिहिणाऱ्याची. मैफलींच्या कॅसेटींवर गायकांचे आणि आकाशवाणीचे हक्क येतात. जतनासाठी प्रत करणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं.

डायऱ्यांत बिदागीचे आकडे, कुणाच्या घरगुती भानगडी, दारू, जात, कुणी कुणाचं नाव कार्यक्रमातून कापलं, असलं सगळं असणार. अभ्यासकांना बिदागीचा आकडा सोन्यासारखा, आणि घरच्यांना नेमका तोच लपवावासा वाटतो. पान फाडू नका, शाईने गिरवू नका. ते पान ज्या डायरीत आहे ती पाकिटात बंद करून ‘अमुक सालापर्यंत उघडू नये’ असं लिहून द्या. पंचवीस-तीस वर्षांची मुदत रास्त. संबंधित माणसं हयात असतील तर अधिक.

टाकायचं काय, तर पीव्हीसीची वास मारणारी प्लास्टिकची पाकिटं, रबरबँड, गंजलेल्या टाचण्या, आणि एकाच अंकाच्या दोनपेक्षा जास्त प्रती. बाकी काही नाही. ठेवायचं कशात? बिनआम्ल खोकी मिळाली तर उत्तम; नाहीतर सुती चिंध्यांपासूनच्या हातकागदाची घडी, वरून मांजरपाटाचं बासन. मांजरपाट आधी दोनदा धुऊन खळ काढा, खळीवर कसर येते. लाल कापड नको, ओल लागली की रंग उतरतो. पत्र्याचं कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे, आणि खालचा खण रिकामा.

द्यायचं कुणाला, याचं सरळ उत्तर: मूळ सगळं एकाच ठिकाणी, डिजिटल प्रती दोन-तीन ठिकाणी. वह्या एकाकडे, कॅसेटी दुसऱ्याकडे, पत्रं तिसऱ्याकडे, असं वाटप केलंत तर वर सांगितलेलं सगळं वाया. गावातलं सार्वजनिक वाचनालय, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ यांचा विचार होऊ शकतो. ध्वनिमुद्रणांच्या प्रतींसाठी गुरुग्रामचं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ पासूनचं संगीत-अभिलेखागार आहे, तिथे वापराच्या अटी देणाऱ्याला घालता येतात. मोठ्या नावापेक्षा तीन प्रश्न विचारा. खोली कोरडी आहे का? यादी कोण करणार, त्या माणसाला मराठी वाचता येतं का? आणि संग्रह एकत्र ठेवू, विषयवार वाटणार नाही, असं लेखी देता का? तिसऱ्या प्रश्नावर चाचरणाऱ्या ठिकाणी फक्त डिजिटल प्रत द्या.

देताना दानपत्र करा: खोक्यांची संख्या, क्रमांकांची यादी, बंद पाकिटांच्या मुदती, प्रकाशनाचा हक्क वारसांकडे राहतो की जातो, संस्था बंद पडली तर संग्रह कुठे जाईल. प्रत्येक खोक्यात यादीची एक छापील प्रत, आणि तिचं पहिलं पान मराठी व कन्नड दोन्ही भाषांत. वीस वर्षांनी ते खोकं उघडणाऱ्या ग्रंथपालाला यांतली एकच भाषा येत असण्याची शक्यता धरूनच चालायचं.